उत्तर अमेरिकी कथासाहित्यातली बहुसांस्कृतिक ओळख : या विषयात करिअर करायचं आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.ए. इंग्रजीचे निकाल लागले की फोन सुरू होतात. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. मुलं जिथे खरोखर अडतात तिथे मी जास्त थांबले आहे.

'उत्तर अमेरिकी' कशाला? सरळ 'अमेरिकन साहित्य' म्हटलं तर?

कॅनडा वगळून काम करायचं असेल तर खुशाल म्हणा. पण या विषयाची अर्धी गंमत दोन शेजाऱ्यांतल्या फरकात आहे. कॅनडात बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण आहे. पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी ते ८ ऑक्टोबर १९७१ रोजी संसदेत जाहीर केलं, १९८२च्या हक्कसनदेत २७व्या कलमात त्याला जागा मिळाली आणि १९८८मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला. अमेरिकेत असा कायदा नाही. तिथे मागणी कॉलेजच्या आवारातून आली. नोव्हेंबर १९६८मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई आणि मूलनिवासी विद्यार्थ्यांनी संप पुकारला. तो जवळजवळ पाच महिने चालला आणि त्यातून १९६९मध्ये एथ्निक स्टडीजचा, म्हणजे वांशिक अल्पसंख्य समाजांच्या अभ्यासाचा, स्वतंत्र विभाग उभा राहिला.

ढोबळमानाने सांगायचं तर अमेरिकेतला लेखक 'आम्हाला अभ्यासक्रमात जागाच नाही' म्हणून भांडत आला. कॅनडातला लेखक 'जागा दिलीत, पण शोकेसमध्ये' म्हणून कुरकुरत आला. त्रिनिदादमध्ये जन्मलेले कॅनेडियन कादंबरीकार नील बिसूनदाथ यांनी १९९४मध्ये 'सेलिंग इल्यूजन्स' या पुस्तकात आपल्याच देशाच्या या धोरणावर आसूड ओढले, तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. असं पुस्तक अमेरिकेत लिहायचं तर मुळात टीका करायला ते धोरण हवं.

कॅनडातला फ्रेंचभाषक प्रांत क्यूबेक विसरू नका. तिथलं कथासाहित्य फ्रेंचमध्ये आहे आणि तिथल्या सरकारला 'बहुसांस्कृतिकता' हे धोरणच मान्य नाही. व्हिएतनामहून लहानपणी बोटीने निघालेल्या किम थुई यांची 'रू' ही २००९ची कादंबरी मुळात फ्रेंचमधली आहे. इंग्रजी अनुवादावरून क्यूबेकबद्दल ठाम विधानं करणारे प्रबंध मी वाचले आहेत. ते टिकत नाहीत.

सुरुवात कोणत्या पुस्तकांनी करू?

यादी मागू नका, जोडी घ्या. मी बहुतेकांना एकच जोडी सुचवते : जॉन ओकाडा यांची 'नो-नो बॉय' (१९५७) आणि जॉय कोगावा यांची 'ओबासान' (१९८१).

दोन्हींच्या मुळाशी एकच घटना आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उचलून छावण्यांत नेलं गेलं. अमेरिकेत सुमारे १,२०,००० आणि कॅनडात सुमारे २२,००० लोक. पण बारकावे वेगळे आहेत. अमेरिकेत १९४५च्या जानेवारीपासून परतायला मुभा मिळाली. कॅनडात १ एप्रिल १९४९पर्यंत किनाऱ्यावर पाऊल ठेवता येत नव्हतं, आणि मधल्या काळात सरकारने त्यांची घरं, होड्या, शेतं विकून टाकली होती. म्हणजे परतायचं तरी कुठे?

आता हा फरक कादंबऱ्यांत शोधा. ओकाडांचा नायक इचिरो दोन वर्षं छावणीत आणि दोन वर्षं तुरुंगात काढून सिएटलला घरी येतो. छावणीत सगळ्यांना एक प्रश्नावली भरायची होती. २७वा प्रश्न, अमेरिकी सैन्यात लढाल का? आणि २८वा, जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडाल का? दोन्हींना 'नाही' म्हणणारे ते 'नो-नो'. इचिरोने सैन्यात जायला नकार दिला आणि त्याच्यावरही तोच शिक्का बसला. कादंबरीत तो जिथे जाईल तिथे हे 'नाही' त्याच्या आधी पोहोचलेलं असतं. जपान युद्ध हरलाच नाही असं मानून बसलेली त्याची आई, पायात गोळी लागून आलेला आणि त्या पायानेच हळूहळू मरणारा त्याचा मित्र केन्जी, हे सगळे त्या एका कागदाच्या भोवती फिरतात. त्याचं घर विकलं गेलेलं नाही; तो घरी आला आहे, आणि तेच असह्य आहे.

'ओबासान'मध्ये घरच नाही. निवेदिका नाओमी अल्बर्टात शाळाशिक्षिका आहे. तिची एमिली मावशी कागदपत्रांचं मोठं पुडकं पाठवते : पत्रं, अर्ज, सरकारी आदेश, कात्रणं. त्यातलं एक कात्रण पाहा. बीटच्या ढिगाभोवती हसत उभ्या असलेल्या एका जपानी कुटुंबाचा फोटो, आणि मजकूर असा की हे लोक बीटच्या शेतात किती उत्तम काम करतात. नाओमी त्या फोटोला उत्तर देते. कोंबड्यांच्या खुराड्यासारखी एक खोली, धूळ, माश्या, उन्हात वाकून मोडलेली पाठ. ती दोन-तीन पानं वर्गात मोठ्याने वाचून दाखवली की 'ओळख म्हणजे काय' हे वेगळं शिकवावं लागत नाही. कादंबरी नाओमीच्या वाक्याने संपत नाही. शेवटी १९४६चं एक खरं निवेदन जोडलेलं आहे, जपानी कॅनेडियनांच्या हद्दपारीविरुद्ध संसदेला दिलेलं. कागद आणि मौन यांचा झगडा कादंबरीच्या रचनेतच आहे.

दोन्ही पुस्तकांचं नशीबही वेगळं. ओकाडांची १,५०० प्रतींची पहिली आवृत्तीसुद्धा खपली नाही. जपानी अमेरिकन समाजालाच ती जखम उघडी करायची नव्हती. ओकाडा १९७१मध्ये गेले आणि काही तरुण आशियाई अमेरिकन लेखकांनी पदरचे पैसे घालून १९७६मध्ये ती पुन्हा छापली. कोगावांचं पुस्तक मात्र नुकसानभरपाईच्या चळवळीचा भाग बनलं. कॅनडा सरकारने २२ सप्टेंबर १९८८ रोजी माफी मागून हयात व्यक्तींना प्रत्येकी २१,००० डॉलर जाहीर केले, त्या दिवशी संसदेत 'ओबासान'मधला उतारा वाचला गेला. अमेरिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये २०,००० डॉलरचा कायदा केला होता.

ही जोडी नीट वाचून झाली की तुम्हाला कायदा, इतिहास, निवेदनतंत्र आणि प्रकाशनाचा इतिहास हे चारही धागे हाताळता येतात. त्यानंतर कुणालाही वाचा.

मी भारतीय वंशाच्या लेखकांवरच काम करायचं ठरवलं आहे. चालेल ना?

चालेल, पण का ठरवलं ते आधी स्वतःला विचारा. 'आपले' लेखक सोपे जातात म्हणून असेल तर अवघड होईल, कारण झुंपा लाहिरी आणि भारती मुखर्जी यांच्यावरचे प्रबंध शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) एकदा शोधून पाहा. मी आकडा सांगत नाही, तुम्हीच मोजा.

तरी एक गोष्ट आपल्याकडे आहे जी टोरांटोच्या वर्गात नसते. रोहिंटन मिस्त्री यांची 'स्क्वॉटर' ही कथा घ्या, १९८७च्या 'टेल्स फ्रॉम फिरोझशा बाग'मधली. सरोश कॅनडाला जातो, सिड होतो आणि आईला वचन देतो की दहा वर्षांत पुरता कॅनेडियन झालो नाही तर परत येईन. सगळं जमतं, एक सोडून : कमोडवर बसून त्याला होत नाही. दहा वर्षं तो त्याच्यावर उकिडवा बसतो. नोकरीवर उशीर होतो, डॉक्टर होतात, यंत्र बसवायचा सल्ला मिळतो. शेवटी हरून तो विमानात बसतो, आणि मुदत उलटल्यावर विमानाच्या संडासात त्याला जमतं. हे सगळं नरीमन हन्सोटिया मुंबईतल्या फिरोझशा बाग या पारशी वसाहतीतल्या पोरांना रंगवून सांगतो आहे. त्यातल्या डॉक्टरचं नाव डॉ. नो-इलाज आहे, यावर मुंबईचा वाचक तळटीप न वाचता हसतो. सरकारी बहुसांस्कृतिकतेची याहून नेमकी टिंगल मी वाचलेली नाही. पण ती टिंगल आहे हे दिसायला १९७१चं धोरण ठाऊक हवं, आणि निवेदक मुंबईतच बसून कॅनडाची गोष्ट सांगतो आहे हेही ध्यानात यायला हवं.

मिस्त्रींच्या 'सच अ लाँग जर्नी'चं पुढे काय झालं हे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला सांगायला नको. २०१०मध्ये एका विद्यार्थी संघटनेच्या आक्षेपानंतर मुंबई विद्यापीठाने ती बी.ए.च्या अभ्यासक्रमातून काढली. कॅनडात राहणाऱ्या लेखकाने १९७१च्या मुंबईवर लिहिलेली कादंबरी मुंबईत कशी वाचली जाते, यावर अजून पुष्कळ काम होऊ शकतं.

मुखर्जींवर लिहायचंच असेल तर त्यांचं स्थलांतर दुहेरी आहे हे सोडू नका. कॅनडात त्यांनी वर्णद्वेष सोसला, १९८०मध्ये अमेरिकेत गेल्या आणि 'डार्कनेस' (१९८५) या संग्रहाच्या प्रस्तावनेत दोन्ही देशांचा हिशेब मांडला. त्यांना स्वतःला 'एशियन-अमेरिकन' म्हणवून घ्यायचं नव्हतं, नुसतं 'अमेरिकन' म्हणवून घ्यायचं होतं. हे आपल्या समीक्षकांना फारसं रुचत नाही, म्हणून ते सहसा गाळलं जातं.

कृष्णवर्णीय साहित्य आणि दलित साहित्य यांची तुलना करू का?

करा, पण आधी हे पाहा की ही तुलना तुमच्या आधी साहित्यानेच केली आहे. १९४६मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू.ई.बी. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली, आणि डुबॉइस यांनी उत्तरही दिलं. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीय संघटनेचं नाव घेऊन. गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श' हे नियतकालिक आणि जनार्दन वाघमारे यांचं 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक यांनी हा विषय मराठीत आणला तो इंग्रजी विभागांना त्याची जाग येण्याच्या कितीतरी आधी. वाघमारे स्वतः इंग्रजीचेच प्राध्यापक होते.

मग अडचण कुठे येते? 'साम्यं' आणि 'भेद' असे दोन रकाने आखून प्रबंध लिहिला जातो, तिथे. त्यापेक्षा संपर्क शोधा. कोणतं पुस्तक कुणी, कुठे, कोणत्या अनुवादातून वाचलं? कोणत्या अंकात छापून आलं? त्यासाठी जुने अंक पाहायला छत्रपती संभाजीनगर, नागपूर, मुंबई अशी ग्रंथालयं धुंडाळावी लागतील. मराठी येणाऱ्या संशोधकाशिवाय हे काम होणारच नाही, आणि मराठी येणारे संशोधक बहुतेक वेळा टोनी मॉरिसन यांच्या कादंबऱ्यांतल्या 'थीम्स'वर लिहीत बसलेले असतात.

मूलनिवासी लेखक 'बहुसांस्कृतिक' प्रकरणात घेऊ ना?

नको. स्थलांतरितांच्या रांगेत त्यांना उभं केलं की त्यांचा मूळ मुद्दाच जातो. त्यांचा प्रश्न बाहेरून येऊन सामावून जाण्याचा नाही. जमिनीचा, करारांचा आणि स्वतःच्या राजकीय सत्तेचा आहे. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या कॅनडातल्या निवासी शाळांवरच्या सत्यशोधन आयोगाने २०१५मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्या वाचल्यावर लेस्ली मार्मन सिल्को, लुईस अर्ड्रिक, ली मॅरॅकल, टॉमी ऑरेंज यांच्यासाठी वेगळं प्रकरण करायचं की वेगळा प्रबंध, ते तुम्हीच ठरवाल.

थिअरी किती हवी?

लागेल तेवढी. होमी भाभांचं 'हायब्रिडिटी' (संस्कृतींची सरमिसळ) पहिल्या प्रकरणात मांडून उरलेल्या चार प्रकरणांत ते सापडल्याचं जाहीर करणारे प्रबंध आता कुणी वाचत नाही, परीक्षकसुद्धा. वर्नर सोलर्स, लिसा लो, स्मारो काम्बूरेली, हिमानी बॅनर्जी या अभ्यासकांचं एकेक पुस्तक तरी पूर्ण वाचा, म्हणजे एकमेकांशी कुठे खटके उडतात ते दिसेल. चिनी अमेरिकन लेखक फ्रँक चिन यांनी चिनी अमेरिकन लेखिका मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांच्यावर चिनी दंतकथा मोडून गोऱ्या वाचकांना विकल्याचा आरोप केला, तो वादही पाहून घ्या. प्रातिनिधिकता, स्त्रीवाद, बाजारपेठ हे सगळं त्या एका भांडणात आहे.

गाइडनी 'आयडेंटिटी क्रायसिस इन द सिलेक्ट नॉव्हेल्स ऑफ…' असं शीर्षक दिलं आहे. बदलू का?

आरआरसीत (विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीत) मंजूर व्हायच्या आधी बदला, नंतर फार कटकट होते. गाइडशी वाद घालू नका. दोन पानी पर्याय लिहून न्या. त्यात एक प्रश्न असा हवा ज्याचं उत्तर तुम्हाला आज ठाऊक नाही. 'पात्रांना ओळखीचा पेच पडतो का?' याचं उत्तर 'हो' आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

पीएच.डी. इथे करावी की तिकडे जावं?

इथे : नेट (राष्ट्रीय), सेट (राज्याची) किंवा पेट (विद्यापीठाची) या परीक्षांतून प्रवेश. जून २०२४पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार कमीत कमी तीन आणि साधारण सहा वर्षं. प्रबंधाआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती त्यात राहिलेली नाही, तरी आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक वाचा.

तिकडे : अमेरिकेतल्या चांगल्या इंग्रजी विभागांत प्रवेश म्हणजे फी माफ आणि विद्यावेतन, बदल्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवायचं. पाच ते सात वर्षं धरून चला. विद्यावेतनाशिवाय प्रवेश मिळाला तर घेऊ नका, कर्ज काढून तर अजिबात नको. कॅनडात बहुधा एम.ए. आधी लागतं, आणि पहिल्या चार वर्षांच्या पैशांची हमी असते, काम मात्र लांबतं. अनेक विभागांत इंग्रजीखेरीज आणखी एका भाषेत वाचता येणं आवश्यक असतं. मराठी चालेल का, हे बेधडक विचारा.

मधला रस्ता मला सर्वांत आवडतो. नोंदणी इथे आणि फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपवर सहा ते नऊ महिने तिकडे. १९६८पासून चाललेली शास्त्री इंडो-कॅनेडियन संस्थाही कॅनडाच्या अभ्यासासाठी मदत करते. पुरतं काम ठरलेलं असेल तर तेवढ्या काळात अर्काइव्हमधली कागदपत्रं पाहून होतात.

पुस्तकं कुठे मिळतील?

हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४मध्ये अमेरिकन अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. माझ्या आधीच्या पिढीतला प्रत्येक जण 'हैदराबादला जाऊन येतो' म्हणायचा तो तिथेच. केंद्राचं नाव बदललं, दिवसही पालटले, पण जुना संग्रह मोलाचा आहे; जाण्याआधी फोन करून खात्री करा. नियतकालिकांत अमेरिकेतल्या बहुवांशिक साहित्यावरचं 'मेलस' आणि १९५९पासून निघणारं 'कॅनेडियन लिटरेचर' हे दोन आधी चाळा. कॉलेजच्या एन-लिस्टचा (ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकं पुरवणाऱ्या सेवेचा) पासवर्ड ग्रंथपालांकडून मागून घ्या. तो बहुतेकांकडे नसतो.

शोधनिबंध कुठे छापू?

तीन दिवसांत 'स्वीकृत' कळवून पैसे मागणारं नियतकालिक बोगस. यूजीसीने केअर ही मान्य नियतकालिकांची यादी २०२५मध्ये बंद केली, त्यामुळे आता पारख आपली आपणच करायची.

नोकरी मिळेल का?

या विषयाची म्हणून नोकरी महाराष्ट्रात जवळपास निघत नाही. जाहिरात निघते ती 'सहायक प्राध्यापक, इंग्रजी' अशी, आणि निवड झाल्यावर तुम्ही अनिवार्य इंग्रजीचे चार वर्ग, व्याकरण आणि कधीतरी एम.ए.ला एक अमेरिकन पेपर शिकवता. त्याआधी बहुतेकांच्या वाट्याला सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरची तात्पुरती नोकरी येते. तिचं मानधन सुट्टीत थांबतं, वेळेवर येत नाही, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. नेट-सेट, पीएच.डी. झालेले लोक पस्तिशीत या चक्रात आहेत, हे माहीत असूनच या.

तिकडेही सुगी नाही. टेन्यूरच्या, म्हणजे कायम नोकरीच्या, जागा २००८च्या मंदीनंतर रोडावल्या त्या पुन्हा भरल्या नाहीत, आणि एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात. त्यात राजकारण. ॲरिझोनाने २०१०मध्ये कायदा करून टूसॉनच्या शाळांतला मेक्सिकन अमेरिकन अभ्यासक्रम बंद पाडला. २०१७मध्ये न्यायालयाने त्यामागे वांशिक आकस असल्याचं म्हटलं. उलट कॅलिफोर्नियाने २०२१मध्ये एथ्निक स्टडीज शाळांत सक्तीचं करण्याचा कायदा केला. २०२५मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय मानव्यविद्या निधीतली अनेक अनुदानं अचानक रद्द झाली. अशा चढउतारांत विषय मरत नाही, पण माणसाचं घरभाडं थकतं.

प्रकाशन, अनुवाद, ग्रंथालय, विद्यापीठांचे आंतरराष्ट्रीय विभाग इथे या विषयातली माणसं काम करताना दिसतात. अनुवादाकडे मी जरा आग्रहाने बोट दाखवेन.

मराठीचा यात काही उपयोग आहे का, की विसरून जायची?

बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१पासून उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना बांधून आहे, अधिवेशनांच्या स्मरणिका निघतात, टोरांटोहून 'एकता' हे नियतकालिक निघत आलं आहे. त्यांत कथा आहेत. स्नो काढणं, मुलांचं उच्चारांवरून हसणं, गावाकडच्या घराची वाटणी, आईचं सहा महिन्यांच्या व्हिसावर येणं. दर्जा वरखाली आहे. पण उत्तर अमेरिकेत लिहिलेलं हे उत्तर अमेरिकी कथासाहित्य नाही तर काय? इंग्रजीत नसल्यामुळे ते तिथल्या अभ्यासकांना दिसत नाही, आणि तिकडचं म्हणून इथला मराठी विभाग त्याला हात लावत नाही. अमेरिकेतल्या स्पॅनिश आणि यिडिश (ज्यूंची एक भाषा) लेखनावर तिथे मोठं काम झालं आहे. मराठी अंक मात्र न्यू जर्सी आणि ऑन्टॅरिओतल्या तळघरांत पडून आहेत, आणि जमवणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. कुणीतरी दोन वर्षांच्या आत हे गोळा करायला हवं.

घरी काय सांगू?

'प्राध्यापक व्हायचं आहे' एवढं पुरतं. बाकी तपशील त्यांना नको असतो.

गाइड किंवा तिकडच्या प्राध्यापकांना पहिला ईमेल कसा लिहू?

दहा ओळींत. तुम्ही कोण, त्यांचं कोणतं लेखन वाचलं आणि त्यातल्या कोणत्या मुद्द्यावर अडलात, तुम्हाला काय शोधायचं आहे, आणि त्यांच्याकडून नेमकं काय हवं. बायोडेटा मागितल्याशिवाय जोडू नका. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो, विशेषतः 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' ही तिरपी रेघ तशीच राहिली असेल तर. तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग पुढच्या माणसाला लिहा.